स्लॅबला झोपाळा आणि लिंटेलला पडद्याची दांडी : ड्रिल कोठे व कसे करावे?

विश्रामबागकर (सांगली)

आमचा फ्लॅट विश्रामबागेत चार मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. चौकट आरसीसीची आणि भिंती विटांच्या आहेत. घरच्या साध्या इम्पॅक्ट ड्रिलने तसबिरी, घड्याळ आणि देवघराचे कपाट मी स्वतःच लावले. मात्र खिडकीवर पडद्याची दांडी लावायला घेतली, तेव्हा गिलावा संपताच ड्रिल जागच्या जागी फिरू लागले; भोक अर्ध्या इंचापुढे सरकेना आणि बिट तापून टोकाशी निळे पडले. जोर वाढवावा, बिट बदलावे की मशीनच बदलावे?

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. आईला हॉलमध्ये सागवानी झोपाळा हवा आहे, पण स्लॅब ओतताना त्यासाठी कड्या सोडलेल्या नाहीत. फॅब्रिकेटर म्हणतात की स्लॅबला चार फास्टनर (भोकात पसरून पकड घेणारे बोल्ट) मारले की अर्ध्या तासात काम होईल. शेजारचे काका म्हणतात की स्लॅबला हातच लावू नका. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

फिटर, कुपवाड

आधी पडद्याचे पाहू. खिडकीवर आपल्याला लागले ते लिंटेलचे, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या तुळईचे, काँक्रीट. साध्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरतात आणि त्यातून ठोके निर्माण होतात. ठोके पुष्कळ, पण प्रत्येक ठोका हलका, आणि तोही आपण मागून रेटाल तेवढाच. विटेला हे पुरते. काँक्रीटमधील खडी फुटायला रोटरी हॅमर लागतो. त्यात पिस्टन हवा दाबतो आणि ती दाबलेली हवा आतील हातोड्याला पुढे फेकते, म्हणजे ठोका मशीनच्या पोटात तयार होतो आणि आपण मशीन फक्त सरळ धरायचे असते. त्याला खाचांच्या दांड्याचे एसडीएस बिट लागते. मशीन एकदोन भोकांसाठी विकत घेण्याची गरज नाही, दिवसाच्या भाड्याने मिळते.

निळे पडलेले बिट आता टाकून द्यावे. त्याच्या टोकाला झाळलेला कार्बाइडचा तुकडा असतो, आणि दांडा इतका तापला की ती झाळणी कच्ची होते. नवे बिट वापरताना दर थोड्या वेळाने फिरते ठेवूनच बाहेर ओढावे, म्हणजे भुकटी निघून जाते. अडकलेली भुकटीच बिट तापवते.

सळई लागली की ते कानाला लगेच कळते. भद्द आवाज जाऊन टणत्कार येतो, करडी भुकटी थांबते आणि चकाकणारे कण दिसू लागतात. तेथे थांबावे आणि भोक दीड इंच सरकवून नवे घ्यावे. गिट्टी (स्क्रूसाठी भोकात ठोकायची खुंटी) बसवताना गिलाव्याची जाडी हिशेबात धरू नये. दीड इंची गिट्टीचा अर्धा इंच गिलाव्यात राहिला, तर दांडी काही दिवसांत हलायला लागते. शक्य असेल तर ब्रॅकेट लिंटेलच्या वर, विटेतच घ्यावे. मग आपले जुने मशीनच पुरेल. झोपाळ्याबाबत मी मत देणार नाही, ते इंजिनिअरने द्यावे.

स्थापत्य अभियंता, कराड

आपले फॅब्रिकेटर म्हणतात तसे अर्ध्या तासात काम होईल, यात शंका नाही. प्रश्न ते किती वर्षे टिकेल, हा आहे.

झोपाळ्यावर तीन मोठी माणसे बसली तर २०० किलो आणि पाट-कड्या मिळून ५० किलो, असे २५० किलो धरू. हे स्थिर वजन झाले. झोपाळा ४५ अंशांवरून खाली येतो तेव्हा तळाशी साखळ्यांवर त्याच्या सुमारे १.६ पट ताण येतो आणि ६० अंशांवरून येताना दुप्पट. घरात मुले असतील तर दुप्पटच धरावा. म्हणजे ५०० किलो. तो चार कड्यांत समान वाटला जाईल, असे समजू नये, कारण साखळ्यांच्या लांबीत थोडा जरी फरक असला तरी समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोनच कड्या भार घेतात. म्हणून प्रत्येक कडीसाठी निदान २५० किलोंचा हिशेब हवा आणि त्यावर सुरक्षिततेची जोड वेगळी.

आता स्लॅबकडे पाहू. घरगुती स्लॅब साधारण पाच इंचांचा असतो आणि खालच्या बाजूस सळयांवर काँक्रीटचे आवरण जेमतेम २० मिलिमीटर असते. स्लॅबच्या मध्यभागी खालची बाजू ताणाखाली असते, त्यामुळे तेथे केसासारख्या बारीक भेगा असणे स्वाभाविक आहे. साधा फास्टनर भोकाच्या कडांवर बाहेरच्या दिशेने दाब देऊन पकड घेतो. अशी एखादी भेग नेमकी त्या भोकातून गेली की भोक किंचित रुंदावते आणि पकड सैल पडते. भिंतीवरच्या कपाटाचे वजन बोल्टला आडवे येते, झोपाळ्याचे मात्र बोल्टला सरळ खाली उपसते, आणि तेही दर हेलकाव्याला.

केमिकल लावून बोल्ट बसवा, असेही कोणी सुचवील. योग्य रसायन, स्वच्छ भोक आणि गणित असेल तर ती पद्धत उत्तम आहे, परंतु डोक्यावर कायम लोंबणाऱ्या भारासाठी वाटेल ते रसायन चालत नाही. अमेरिकेत बोस्टनच्या बोगद्यात १० जुलै २००६ रोजी छताचे काँक्रीटचे पॅनेल मोटारीवर कोसळून एक महिला मृत्युमुखी पडली. बोल्ट धरून ठेवणारे जलद सुकणारे इपॉक्सी सततच्या ताणाखाली हळूहळू सरकत गेले होते, असे चौकशीत निष्पन्न झाले.

माझा सल्ला असा, की भार स्लॅबवर न देता बीमवर द्यावा. हॉलच्या दोन समोरासमोरच्या बीममध्ये, स्लॅबच्या लगेच खाली, लोखंडी आय सेक्शन (इंग्रजी I आकाराची तुळई) आडवा बसवावा. त्याच्या दोन्ही टोकांच्या प्लेटा बीमच्या उभ्या बाजूंना बोल्टने जोडाव्यात. बीमच्या मुख्य सळया वर आणि खाली असतात, म्हणून भोके उंचीच्या मध्याच्या आसपास घ्यावीत. तेथे मुख्यतः रिंगांपासूनच (मुख्य सळयांभोवतीच्या उभ्या कड्यांपासून) सांभाळायचे असते. बीमच्या बुडाला भोक पाडू नये. सेक्शन आणि बोल्ट कोणत्या मापाचे, हे आपल्या इमारतीचे नकाशे पाहून स्थानिक अभियंत्याने ठरवावे.

आणखी एक सांगतो. रोटरी हॅमर सळईशी अडतो, हा त्याचा गुण समजावा. कोअर कटिंगचे (काँक्रीटमध्ये गोल आरपार भोक कापणारे) मशीन सळई मुकाट्याने कापून जाते. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्यांच्या घरात अजून सांगितला जातो, त्या आमच्या कराड-पाटणकडे बीमची सळई कापणाऱ्याला कोणी पुन्हा दारात उभे करणार नाही.

शाहूपुरी, सातारा

अभियंता साहेबांच्या मताशी मी सहमत आहे. वीजजोडणीचे काम करत असल्याने एवढीच भर घालते, की स्लॅबमधील विजेचे पाइप खालच्या सळयांच्या जाळीवर टाकलेले असतात, म्हणजे छताच्या पृष्ठभागापासून फार आत नसतात. पंख्याच्या बॉक्सपासून भिंतीवरच्या बोर्डाकडे जाणाऱ्या पट्ट्यात भोक पाडू नये आणि ड्रिल करताना त्या खोलीचा एमसीबी बंद ठेवून मशीनला वीज दुसऱ्या खोलीतून घ्यावी. वर पाहून ड्रिल करताना चष्मा हवाच. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, तेव्हा तोंडाला रुमाल न बांधता एन-९५ मास्क वापरावा. आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्याच्या तळाला छिद्र पाडून तो बिटमध्ये ओवला, तर निम्म्याहून अधिक धूळ त्यातच पडते.

विश्रामबागकर (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. ब्रॅकेट लिंटेलच्या वर घेतो. झोपाळ्याविषयी एक शंका उरते : हॉलमध्ये पंख्याचे दोन हुक स्लॅबमध्येच ओतलेले आहेत. ते सळयांना अडकवलेले असतील, तर लहान, एका माणसाचा वेताचा झोपाळा त्यांपैकी एकाला टांगता येईल का?

स्थापत्य अभियंता, कराड

टांगू नये. तो हुक पंख्याच्या वजनासाठी असतो आणि तो सळईला खरोखर अडकवला आहे की नुसताच बॉक्समध्ये ठेवून वरून काँक्रीट ओतले आहे, हे खालून पाहून सांगता येत नाही. एका माणसासाठीच हवा असेल, तर जमिनीवर उभ्या राहणाऱ्या लोखंडी स्टँडचा वेताचा झोपाळा घ्यावा. मोठा सागवानी हवा असेल, तर आय सेक्शनसाठी हॉलची बीमपासून बीमपर्यंतची आतली रुंदी, बीमची स्लॅबखालील उंची आणि इमारतीचे वर्ष येथे कळवावे. त्यावरून निदान अंदाजी माप सांगता येईल.