रेडिओ, टीव्ही, केबलच्या कचेरीतला पगार: सीमाभागातले अनुभव

हिशेबवही (शहापूर, बेळगाव)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कारवार, भालकी या पट्ट्यात रेडिओ, टीव्ही किंवा केबलच्या कचेरीत टेबलावर बसून काम करणाऱ्यांसाठी हा धागा आहे. निवेदक, वार्ताहर, कॅमेरामन यांच्या पगाराची चर्चा सगळीकडे होते. बिलं काढणारे, जाहिरातींचं वेळापत्रक लावणारे, हजेरी आणि लॉग (काय कधी वाजलं त्याची नोंद) सांभाळणारे, ग्राहकांच्या पावत्या करणारे यांचा पगार शेजारच्या टेबलालाही ठाऊक नसतो. तो झाकून ठेवण्यात फायदा पगार देणाऱ्याचाच आहे, असं माझं ठाम मत आहे. म्हणून मोकळेपणानं लिहा.

सुरुवात माझ्यापासून. मी एका स्थानिक वाहिनीचा हिशेब बघते. नऊ हजारांवर लागले, आज हातात एकवीस हजारांच्या आसपास येतात. ही वाढ नुसती वर्षं भरत गेली म्हणून झालेली नाही. 2017 मध्ये जीएसटी आला, जाहिरातीवर 18 टक्के लागू झाले. एजन्सीचं 15 टक्के कमिशन वजा करून बिल कसं करायचं, गिऱ्हाइकानं बिलातून आधीच कापलेला कर (टीडीएस) कुठं पडताळायचा, हे ऑफिसात कुणालाच नीट जमेना. मी ते शिकून घेतलं आणि त्याच वर्षी वाढ मागितली. माझ्या पगारातली सर्वांत मोठी उडी तीच.

लिहिताना एवढं जरूर सांगा: नेमणूकपत्र कुणाचं आहे (रेडिओ-टीव्ही केंद्राचं, संस्थेचं की एजन्सीचं), कागदावर पगार किती, हातात किती, आणि फरक कशानं पडला. तक्रार असेल तर कंपनीचं नाव नको.

पॅसेंजरवाला

मी बेळगावचा, नोकरी धारवाडला आकाशवाणीत, प्रशासन विभागात. सरकारी वेतन असल्यामुळे आकडे उघडेच आहेत, मांडून दाखवतो.

लिपिक श्रेणी 1 म्हणजे सातव्या वेतन आयोगातली लेव्हल 4. पहिल्या पायरीवरचा माणूस धरा, मूळ वेतन 25,500. आकडे जुलै 2025 चे: तेव्हा महागाई भत्ता 58 टक्के होता, म्हणजे 14,790. घरभाड्यासाठी शहरांचे वर्ग असतात; हुबळी-धारवाड 'वाय' वर्गात, त्यामुळे घरभाडे भत्ता 20 टक्के, 5,100. प्रवास भत्ता 1,800 आणि त्यावरची महागाई मिळून 2,844. एकूण 48,234. त्यातून एनपीएसचे (राष्ट्रीय पेन्शन योजना) 4,029 (मूळ आणि महागाई यांच्या बेरजेचे 10 टक्के) आणि व्यवसाय कराचे 200 जातात. श्रेणी 2 लेव्हल 2 मध्ये येते, मूळ 19,900 पासून.

गाव बदललं की आकडा बदलतो. बेळगावही 'वाय' आहे, पण कारवार 'झेड'. तिथं बदली झाली की घरभाडे 5,100 वरून थेट 2,550 वर येतं. कारवारची भाडी काही निम्मी नाहीत.

त्याहून मोठा फरक नोकरीला लागल्याच्या तारखेनं पडतो. 1 जानेवारी 2004 च्या आधी लागलेल्यांना जुनी पेन्शन, नंतरच्यांना एनपीएस. शिवाय 5 ऑक्टोबर 2007 पर्यंत लागलेले लोक कायद्यानं केंद्र सरकारचे कर्मचारी आणि प्रसार भारतीत (आकाशवाणी-दूरदर्शन चालवणारी संस्था) प्रतिनियुक्तीवर मानले जातात. त्यानंतरचे प्रसार भारतीचे स्वतःचे. एकाच खोलीत एकच फाईल हाताळणाऱ्या दोघांचं म्हातारपण या दोन तारखांमुळे वेगळं होतं. ही गोष्ट मला अजूनही टोचते.

बढती मिळो न मिळो, दरवर्षी 3 टक्के वेतनवाढ असते, आणि 10, 20, 30 वर्षांनी एमएसीपी या योजनेमुळे वरची लेव्हल मिळते. लिपिकाला खरा आधार त्याचाच. कोविडच्या काळात महागाई भत्ता 17 टक्क्यांवर गोठला होता, जुलै 2021 मध्ये एकदम 28 झाला, पण मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी मिळालेली नाही.

सरकारी कचेऱ्यांत एजन्सीमार्फत येणाऱ्या डेटा एंट्रीच्या मुलांबद्दलही बोलायला हवं. कचेरी त्यांच्यासाठी मोजते त्यात एजन्सीचा सेवाआकार असतो, वर 18 टक्के जीएसटी असतो. मुलाच्या हाती किमान वेतनच पडतं. ते दर एप्रिल आणि ऑक्टोबरला महागाईप्रमाणे बदलतं. एजन्सी वेळेवर बदलते की नाही, हे त्या मुलांनीच बघायला हवं.

खानापूरचा केबलवाला

मी पगार घेणारा नव्हे, देणारा हाय. तरी लिवतो, कारण ही बाजू बी कळाय पाहिजे.

आमच्यात डिजिटल बॉक्सचा शेवटचा टप्पा 31 मार्च 2017 ला संपला. त्याच्या आधी वही आणि रोख पैसा, हापिसात माणूस लागत नव्हता. बॉक्स आले तसं एकेक गिऱ्हाईक, एकेक चॅनेल सॉफ्टवेअरला चढवायचं आलं. म्हणून एक पोरगी ठेवली. बारावी झाल्या, कन्नड-मराठी दोन्ही झक्क बोलत्या. महिन्याला दहा हजार देतो, दिवाळीला एक जादा पगार.

जास्ती का देत नाही म्हणशीला. गिऱ्हाइकाकडनं महिन्याला घ्यायची 130 रुपयाची नेटवर्क फी होती, त्यातनं वेगळा करार नसला तर केबलवाल्याला 45 टक्के, म्हणजे साडेअठ्ठावन्न रुपये. त्यात लाइनमन, जंगलातल्या गावापातूर वायर, पावसात पडलेले खांब. 2024 ला ट्रायनं (केबलचे नियम करणारी सरकारी संस्था) त्या फीची मर्यादा काढली खरं इथं वाढवून मागितलं तर गिऱ्हाईक दूरदर्शनच्या फुकटातल्या फ्री डिशला जातंय. लोकं केबल सोडूलाल्यात. बॉक्स कमी झाले की पगार वाढवायचा कुठनं सांगा.

हिशेबवही

दादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं, पगार देणाऱ्यांपैकी कुणी सहसा तोंड उघडत नाही. पण एक सांगते, राग मानू नका. दुकानं आणि व्यापारी आस्थापनांसाठी कर्नाटकचं किमान वेतन ठरलेलं आहे आणि त्यातला महागाई भत्ता दर 1 एप्रिलला बदलतो. तुमची मुलगी कॉम्प्युटरवर बसते, पैसे घेते, दोन भाषांत गिऱ्हाइकाशी बोलते. तिला अकुशल कामगारात धरता येणार नाही. कामगार खात्याचा ताजा तक्ता एकदा बघाच.

खानापूरचा केबलवाला

राग कसला ताई. बगतो. तक्त्यात जास्ती असलं तर द्यायलाच पाहिजे की.

ट्रॅफिक (निपाणी)

कोल्हापूरच्या एका खासगी एफएममध्ये ट्रॅफिक बघतो. नवीन माणसासाठी सांगतो: कुठली जाहिरात कोणत्या तासाला, कितव्या ब्रेकमध्ये, किती सेकंद वाजणार, हे लावण्याचं काम म्हणजे ट्रॅफिक. रिलीज ऑर्डर (जाहिरात लावण्याची लेखी मागणी) येते, ती सिस्टिमला चढवायची, एकाच ब्रेकमध्ये दोन सोनारांच्या जाहिराती येऊ द्यायच्या नाहीत, रात्री लॉग बंद करायचा, सकाळी प्रत्यक्ष काय वाजलं ते ताडून पाहायचं. एखादा स्पॉट हुकला तर त्या बदल्यात दुसरा द्यावा लागतो, नाहीतर बिल कापलं जातं. स्टेशनची कमाई आमच्या टेबलावरून जाते. पगार मात्र पहिली चार वर्षं 'ऑफिस असिस्टंट' म्हणून मिळाला, कारण नेमणूकपत्रावर तेच लिहिलं होतं. काम ट्रॅफिकचं आणि पद असिस्टंटचं. वाढ मागितली की असिस्टंटची पट्टी दाखवायचे.

मग मी वर्षभर एक केलं. चिकोडी, संकेश्वर, निपाणीचे व्यापारी कोल्हापूरच्या रेडिओवर जाहिरात देतात, गणपती-दिवाळीत तर भरपूर. त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलणारा ऑफिसात मी एकटाच. ऑर्डरमध्ये दुरुस्ती करायची, स्क्रिप्ट मंजूर करून घ्यायची, थकलेल्या बिलाची आठवण द्यायची, सगळे फोन माझ्याकडे. मी ती गिऱ्हाइकं आणि त्यांची वर्षाची बिलं एका कागदावर काढली, मॅनेजरसमोर ठेवली आणि पगाराच्या आधी पद बदलून मागितलं. 'ट्रॅफिक एक्झिक्युटिव्ह' झालो. पुढच्या वाढीत 18,500 चे 24,000 झाले. कन्नड येतं म्हणून वेगळा भत्ता कुणी देत नाही, पण त्या भाषेमुळे किती पैसे येतात ते दाखवता आलं तर ऐकावं लागतं. सीमाभागातल्या आपल्या पोरांकडे ही गोष्ट घरबसल्या असते आणि मुलाखतीत ती सांगायची राहून जाते.

आणखी एक. नोकरी महाराष्ट्रात असेल तर व्यवसाय कर तिथला. पुरुषांना 10,000 च्या वर महिन्याला 200, फेब्रुवारीत 300. कर्नाटकात 25,000 च्या खाली काहीच नाही. महाराष्ट्रात बायकांना 25,000 पर्यंत माफ आहे.

रामलिंगखिंड

वृत्तवाहिनीचं जिल्हा कार्यालय, बेळगाव. मुख्यालय दुसऱ्या शहरात, माझं नेमणूकपत्र तिसऱ्याच शहरातल्या मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचं. भाडं, डिझेल, ड्रायव्हर, वार्ताहरांची खर्चाची बिलं, कॅमेऱ्याचे कुरियर असं सगळं बघते.

डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असलं की बाहेरून माणसं येतात. हॉटेलं, गाड्या, जेवणं, ओबी व्हॅनची (थेट प्रक्षेपणाची गाडी) जागा, ॲडव्हान्सचा हिशेब. घरी जायला रात्रीचे अकरा वाजतात. बाहेरून आलेल्यांना रोजचा भत्ता असतो, मला नव्हता, कारण मी 'स्थानिक'. एका वर्षी मी प्रत्येक दिवसाच्या येण्याजाण्याच्या वेळा मेलवर टाकत गेले, अधिवेशन संपल्यावर तोच मेल जोडून मागणी केली. जेवणाचे पैसे आणि बदली सुट्ट्या मिळाल्या. ओव्हरटाइम नाही मिळाला.

माझा पुढचा अनुभव सगळ्यांनी नीट वाचावा. पगार 20,500 होता, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जायचा, 154 रुपये. आईचं औषधपाणी त्यावरच चालायचं. मग पगार 21,500 झाला. ईएसआयची मर्यादा 21,000. एप्रिल-सप्टेंबर आणि ऑक्टोबर-मार्च अशा सहामाह्या असतात, चालू सहामाही संपेपर्यंत वर्गणी कापली जाते, पुढच्या सहामाहीपासून नाव निघतं. तसं माझं निघालं. हजार रुपये वाढले आणि आईच्या औषधांना त्याहून जास्त जाऊ लागले. त्या पट्ट्यात पगार असेल आणि वाढ मिळणार असेल तर एकतर ती भरघोस मागा, नाहीतर सोबत आरोग्य विमा मागा. एजन्सी आपणहून काही सांगत नाही.

भालकीकर

इकडं लोकल केबल चॅनेल. मराठी, कन्नड, दखनी तिन्ही येणं गृहीतच धरतात. पगार अकरा हजार, आणलेल्या जाहिरातीवर 10 टक्के. निवडणुकीत जाहिराती पुष्कळ येतात, पण राजकीय जाहिरातीला एमसीएमसीचं (निवडणूक काळात जाहिराती तपासणारी समिती) प्रमाणपत्र लागतं, ते फाईलला लावल्याशिवाय मी लावू देत नाही. आणि पैसे आगाऊच. निकाल लागल्यावर कुणी फोन उचलत नाही आणि माझं कमिशन वसुलीवर असतं, बिलावर नाही. तुमचंही तसंच आहे का ते करारात पाहा.

सामुदायिक रेडिओवाली

एका शिक्षणसंस्थेचं सामुदायिक रेडिओ केंद्र. नफा कमवायचा नाही ही परवान्याची अट. कागदोपत्री मी संस्थेची 'तात्पुरती लिपिक', एकत्रित वेतन 15,000, दर जूनला नवं पत्र. रेडिओचं काम करते हे माझ्या कोणत्याही कागदावर नाही.

2024 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं सामुदायिक रेडिओला तासाला 7 ऐवजी 12 मिनिटं जाहिराती घेण्याची मुभा दिली, आणि सरकारी जाहिरातीचा दर 10 सेकंदांना 52 चा 74 रुपये झाला. आम्हाला आनंद झाला. पण पैसा संस्थेच्या खात्यात जातो, माझं वेतन संस्थेच्या लिपिकाच्या पट्टीवर. केंद्राची मिळकत वाढली तरी माझा आकडा हलायला काही कारणच उरत नाही. मला हे काम मनापासून आवडतं, खेड्यातल्या बायका स्वतःच्या आवाजात बोलतात ते ऐकून अंगावर काटा येतो. म्हणूनच मला वाटतं की या कामाचं नाव तरी माझ्या पत्रावर असावं.

नवीन_निपाणी

सगळ्यांचं वाचलं. मी बी.कॉम. झाले, दोन ठिकाणी बोलावलंय. कोल्हापूरला एका वाहिनीत बिलिंग, 'सीटीसी 19,000'. आणि बेळगावात एका प्रॉडक्शन हाउसमध्ये '16,000 हातात, कापाकापी नाही'. घरचे म्हणतात तीन हजारांचा फरक आहे, कोल्हापूर घे. निपाणीहून ते जवळही पडतं.

हिशेबवही

तीन हजारांचा फरक नाही. सीटीसी म्हणजे मालकाला तुझ्यावर येणारा एकूण खर्च, त्यात मालकाचा पीएफ आणि ईएसआय धरलेला असतो. समजा मूळ वेतन 11,000. मालकाचा पीएफ 1,320, त्यावरचे आकार 110, ईएसआय 3.25 टक्के. हे वजा जाता तुझा एकूण पगार 17,017. त्यातून तुझा पीएफ 1,320 आणि ईएसआय 128. हातात 15,569. व्यवसाय कर तुला लागणार नाही.

म्हणजे हातात बेळगावचेच 431 रुपये जास्त. पण कोल्हापूरच्या नोकरीत दरमहा 1,320 तुझे आणि 404 मालकाचे असे 1,724 पीएफ खात्यात, आणि 916 पेन्शन योजनेत जातात. शिवाय ईएसआय. बेळगावला यातलं काही नाही. तिथल्या मालकाला विचार, दहा-वीस माणसं असतील तर कापाकापी का नाही?

कोल्हापूरलाही विचारून घे: मूळ वेतन किती, सीटीसीत ग्रॅच्युइटी धरली आहे का (धरली असेल तर हातातला आकडा अजून खाली येईल आणि ती सहसा पाच वर्षं नोकरी झाल्यावरच मिळते), नेमणूकपत्र वाहिनीचं की एजन्सीचं, आणि पद काय लिहिणार.

ट्रॅफिक (निपाणी)

आणि कन्नड येतं हे बायोडेटात अगदी वर लिही. बिलिंगला चिकोडीची गिऱ्हाइकं असणारच.

नवीन_निपाणी

मूळ वेतन 9,500 आणि ग्रॅच्युइटी धरलेली आहे, आत्ताच मेल आला. पत्र वाहिनीचंच आहे. मूळ 11,000 करून मागते आणि सोमवारी कळवते.