अनुभव धागा : घरच्या घरी गाडी धुणे, पॉलिश करणे आणि मेण लावणे

पुणे, सिंहगड रस्ता

‘गाडीला पॉलिश मारले’ हे एकच वाक्य आपल्याकडे दोन उलट कामांसाठी चालते, आणि घरी गाडी चमकवू पाहणाऱ्यांच्या निम्म्या चुका माझ्या मते तिथूनच सुरू होतात. पॉलिश म्हणजे घासणे. त्यातली बारीक पूड रंगाचा वरचा पापुद्रा किंचित खरवडून काढते. मेण म्हणजे लेप. ते काहीच काढत नाही, फक्त वर बसते. हा फरक मला गाडी घेतल्यावर सहा वर्षांनी कळला, तोही आमच्या गडद निळ्या गाडीवर सलग तीन वर्षे महागडे मेण चोळून ‘एवढे करूनही ओरखडे का जात नाहीत’ असा त्रागा करून झाल्यावर.

हल्लीच्या गाड्यांच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाहूनही कमी. भर उन्हात बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचे जाळे विणल्यासारखे दिसते, ते याच थरातल्या ओरखड्यांमुळे. खरे तर हे ओरखडे गोल नसतातच. सगळीकडे वेड्यावाकड्या रेघा असतात आणि त्यांतल्या ज्या प्रकाशाला आडव्या येतात तेवढ्याच चकाकतात. या रेघा बहुतेक आपणच पाडतो, कोरड्या फडक्याने धूळ पुसून.

अखेर फेब्रुवारीत एक शनिवार आणि रविवारची सकाळ खर्चून मी सगळे क्रमाने केले. आधी सावलीत, पत्रा गार असताना, नुसत्या पाण्याने धूळ वाहू दिली. मग एका बादलीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत कापड खळबळायला साधे पाणी ठेवून टपापासून खालच्या दिशेने धुतले. हाताला प्लॅस्टिकची पातळ पिशवी घालून पत्र्यावरून बोटे फिरवली, तेव्हा स्वच्छ दिसणारे बॉनेट बारीक रव्यासारखे खरखरीत लागले, म्हणून ती खर साबणाच्या पाण्यावर क्ले बार, म्हणजे पत्र्याला चिकटलेले कण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी, सरकवून काढली. मग पॉलिश आणि शेवटी मेण. पॉलिश मी फक्त बॉनेट आणि टपाला केले, कारण हाताने एवढे करतानाच दंड भरून आले.

प्रत्येक गावची धूळ वेगळी आणि पाणीही वेगळे. आपल्याकडे काय घडले, कुठे हात पोळले, कशाने साधले, ते कृपया सविस्तर लिहावे. सूचनांच्या याद्या नकोत, प्रत्यक्ष घडलेले हवे.

मुंबई, मुलुंड

आमच्या सोसायटीत पहाटे पाच वाजता एक काका गाड्या पुसायला येतात. त्यांच्याकडे एक बादली, एक फडके आणि एकवीस गाड्या असतात. पहिल्या गाडीच्या चाकावरची वाळू त्याच फडक्यातून एकविसाव्या गाडीच्या टपावर पोहोचते, हे मला खूप उशिरा, म्हणजे आमच्या काळ्या गाडीच्या दारांवर सगळीकडे रेघोट्या उमटल्यावर उमगले. त्यांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. महिन्याला जेवढे पैसे आम्ही देतो तेवढ्यात एका गाडीला त्यांच्या वाट्याला पाच मिनिटेही येत नाहीत. मी त्यांना एवढेच म्हटले, ‘काका, आमच्या गाडीची फक्त काच आणि आतली पायपुसणी बघा, बाहेरून हात लावू नका. पैसे तेवढेच घ्या.’ त्यांना आधी वाटले की मी काम काढून घेतो आहे, आणि ती शंका जायला दोन महिने लागले.

आता दर रविवारी मीच धुतो. कबुतरांची विष्ठा मात्र रविवारपर्यंत थांबू देत नाही. तिच्यातले यूरिक ॲसिड उन्हात तापले की पारदर्शक थरात डाग कोरते आणि मग तो पॉलिशशिवाय निघत नाही. वाळलेली विष्ठा कधीही खरवडू नये, कारण तिच्यात दाण्यांची टरफले आणि खडे असतात. मी ओला टिश्यू पेपर वर दहा मिनिटे ठेवतो आणि मग तो अलगद उचलून घेतो.

रत्नागिरी

आमच्याकडे धूळ तांबडी, हवा खारट आणि गाडी आंब्याखाली, त्यामुळे पुण्याच्या लेखकांनी सांगितलेला क्रम आम्हाला बराच वाकवावा लागतो.

मोहराच्या दिवसांत तुडतुडे मोहराचा रस शोषतात आणि मधासारखा चिकट पदार्थ खाली सोडतात. आम्ही त्याला चिकटा म्हणतो. रात्रभर गाडी झाडाखाली राहिली की सकाळी टप आणि काच पाक सांडल्यासारखी होते, तिच्यावर धूळ बसते, आणि तसेच आठवडाभर राहू दिले तर त्यावर काळी बुरशी चढते. पहिल्या वर्षी मी घाबरून रॉकेल लावले. चिकटा तसूभर हलला नाही, उलट काचेवर तेलकट पापुद्रा आला आणि संध्याकाळी समोरच्या गाडीच्या दिव्यांत काही दिसेना. आमच्या आईने शांतपणे विचारले, ‘साखर तेलात विरघळते की पाण्यात?’ चिकटा ही मुळात साखरच आहे. कोमट पाणी ओतून पाच मिनिटे थांबले की तो आपोआप सुटतो, घासावे लागत नाही.

आंब्याचा चीक मात्र निराळा. काढणीच्या वेळी देठ तुटला की जो चीक उडतो, तो कातडीला भाजतो आणि आंब्याच्या सालीवरही काळा डाग पाडतो, मग रंगाला कसा सोडील? तो पाण्याला दाद देत नाही. लगेच पुसला तर निघतो. दोन दिवस उन्हात राहिला तर त्याची कड रंगात कायमची उमटते, आणि आमच्या पांढऱ्या गाडीच्या डिकीवर असे तीन पिवळसर ठिपके आजही आहेत. तेव्हापासून एप्रिल ते जून गाडी पडवीच्या बाजूला आणि पेट्या भरायचे काम झाडाच्या बाजूला, असा घरात ठराव आहे.

खाऱ्या हवेबद्दल सांगायचे तर वरच्या चमकेपेक्षा मला खालच्या पत्र्याची काळजी अधिक वाटते. पावसाळ्यात चाकांच्या कमानीत आणि मडगार्डच्या आतल्या कडेला जांभ्याची माती थापली जाते. ती ओलावा आणि मीठ धरून बसते आणि गंज आतून सुरू होतो, बाहेर फुगा दिसेपर्यंत कळतही नाही. म्हणून दर पंधरा दिवसांनी विहिरीच्या गोड्या पाण्याचा पाइप कमानीत घालून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडतो. दारांच्या तळाशी पाणी निचरायची बारीक भोके असतात, तीही काडीने मोकळी करतो. काही जण गाडीच्या पोटाला डिझेल फवारतात. आमच्या शेजाऱ्यांनी हे तीन पावसाळे केले आणि खालचे रबरी बुश फुगून बदलावे लागले.

मेण मी वर्षातून दोनदाच लावतो, मे महिन्याच्या शेवटी आणि दिवाळीनंतर.

लातूर

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून आमच्या शहराला पुरवले जात होते. त्या उन्हाळ्यात गाडी धुणे ही कल्पनाही लाजिरवाणी वाटे, आणि नळाला पाणी आल्यावरही ती लाज माझ्या मनातून पुरती गेलेली नाही. पाइप आम्ही कायमचा बंद केला. आता न खळबळता वापरायचे द्रावण मिळते, ते सहा लिटर पाण्यात झाकणभर टाकतो आणि सहा-सात मायक्रोफायबर कापडे त्यात भिजवून ठेवतो. प्रत्येक कापडाची चौघडी घालायची, एका घडीने एकदाच आणि एकाच दिशेने पुसायचे, घडी पालटायची, आठही बाजू मळल्या की ते कापड बाजूला टाकायचे. मळलेले कापड पुन्हा बादलीत जात नाही, हाच यातला एकमेव कडक नियम आहे. चिखलाने भरलेल्या गाडीला हे चालणार नाही, पण आमच्याकडे चिखल तरी किती दिवस असतो!

राहिलेले पाणी कडुनिंबाला जाते. नवरा म्हणतो की त्या झाडाला बहुधा चकाकी येईल.

कोल्हापूर

मी चौतीस वर्षे गाड्यांच्या रंगाचे गॅरेज चालवले आणि आता ते मुलाकडे आहे. वर ‘पॉलिश म्हणजे घासणे’ असे लिहिले आहे ते अगदी बरोबर आहे, पण त्यामागची एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. फियाटच्या काळात रंगावर पारदर्शक थर नसे, सरळ रंगच असे. ऊन खाऊन तो खडूसारखा पांढुरका पडे, आम्ही रबिंग कंपाउंड लावून चिंध्यांनी घासत असू, आणि गाडीचा रंग चिंधीला लागे. गिऱ्हाईक चिंधी बघून घाबरे, तेव्हा आम्ही सांगायचो की मेलेला रंग निघाला आणि जिवंत वर आला. आज तुमच्या फडक्याला गाडीचा रंग लागला, तर एकतर गाडीवर तसा जुना रंग आहे, नाहीतर पारदर्शक थर संपलेला आहे. दुसरी गोष्ट असेल तर त्याच क्षणी हात थांबवा.

ही सवयच मला नडली. पारदर्शक थराच्या गाड्या नव्याने येऊ लागल्या, तेव्हा मी जुन्याच बेताने बफिंग मशीन दाराच्या कडेवर नेले. कडेवर रंग नेहमी पातळ बसतो आणि फिरणाऱ्या चकतीचा सारा जोर तिथेच एकवटतो. श्वास घेईपर्यंत कडेवरचा थर उडाला आणि खालचा मळकट प्रायमर दिसू लागला. अख्खे दार मी पदरच्या पैशाने रंगवून दिले. तेव्हापासून पत्र्याच्या कडा, उठावाच्या रेषा आणि काळे प्लॅस्टिक यांवर कागदी टेप चिकटवल्याशिवाय मशीन सुरू करायचे नाही, हा आमच्या गॅरेजचा नियम आहे, आणि मुलगा तो माझ्यापेक्षा कडक पाळतो.

घरी करणाऱ्यांना माझे सांगणे असे की मशीन घ्यायचेच असेल तर नुसते गरगर फिरणारे घेऊ नये. फिरता फिरता डुलणारे, ज्याला ड्युअल ॲक्शन म्हणतात, ते घ्यावे, कारण ते एका जागी तापत नाही. आधी टीचभर जागेवर सर्वांत सौम्य पॉलिश करून बघावे. नखाला अडकणारा ओरखडा पॉलिशने घालवण्याच्या भानगडीत पडू नये, तो थर फाडून खाली गेलेला असतो. पॉलिश हे वर्षा-दोन वर्षांतून एकदाच करायचे काम आहे. दर महिन्याला पॉलिश करणारे गिऱ्हाईक आमच्यासाठी चांगले, गाडीसाठी नाही.

कराड

ऊस गाळपाच्या हंगामात कारखान्याच्या धुराड्यातून काजळी उडते आणि सकाळी गाडीवर काळे तुसासारखे कण असतात. हे कण हलके असतात, पण बोट लागले की काजळासारखे पसरतात. पुसू नये, फुंकर किंवा पाण्याची धार पुरते. अधिक काही सांगण्यासारखे नाही.

ठाणे

दसऱ्याला गाडीची पूजा झाली की बॉनेटवर ओल्या कुंकवाचे स्वस्तिक असते, हळदीची बोटे असतात, आणि सासूबाईंच्या मते ते निदान दिवाळीपर्यंत राहिले पाहिजे. पांढऱ्या गाडीवर गेल्या वर्षी मी तिसऱ्या दिवशी गुपचूप कपड्याच्या साबणाने डाग घासला आणि पिवळी बोटे चक्क लालसर झाली. नंतर उलगडा झाला की साबण अल्कधर्मी असतो आणि हळद त्यात लाल होते. चुन्याने हळदीचे कुंकू होते ते याचमुळे. मग गाडी चार दिवस उन्हात उभी केली, आणि हळद जवळजवळ उडून गेली, कारण तिचा रंग उन्हापुढे टिकत नाही. कुंकवाची पुसट गुलाबी छटा मात्र राहिली आणि ती काढायला पॉलिशच लागले.

यंदा मी नवमीलाच बॉनेटवर मेणाचा पातळ हात दिला आणि त्यावर सासूबाईंना हवे तेवढे मोठे स्वस्तिक काढू दिले. दिवाळीच्या आदल्या दिवशी ते शाम्पूच्या पाण्याने सहज निघाले. त्यांना हे अजून सांगितलेले नाही.

मेणाविषयी एक प्रश्न नेहमी येतो की किती लावावे. डबीवर ज्या कार्नोबा मेणाचे नाव असते ते ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचे असते आणि आपल्या ओळखीच्या मेणांत ते फार कडक, त्यामुळे जाड थर वाळून निघता निघत नाही. मी पहिल्यांदा श्रीखंड फासावे तसे फासले आणि रात्री अकरापर्यंत पुसत बसले. आता स्पंजावर बोटभर घेते, दिसेल न दिसेल इतके पातळ लावते, आणि बोट ओढल्यावर खाली लखलखीत रेघ उमटली की पुसते. दाराच्या काळ्या प्लॅस्टिकला लागले तर पांढरे डाग पडतात.

जर्मनी, श्टुटगार्टजवळ

आमच्या गावात घरासमोर गाडी धुण्यास मनाई आहे, कारण साबण आणि तेल जमिनीत मुरून भूजलात जाते. त्यामुळे ‘घरी धुणे’ म्हणजे आमच्यासाठी नाणी टाकून चालणारा फवाऱ्याचा कप्पा, जिथले पाणी तेल वेगळे करणाऱ्या टाकीतून जाते. तिथेही स्वतःची बादली आणायची नाही अशी पाटी आहे. मुलुंडच्या काकांच्या फडक्याची मला तिथे हटकून आठवण होते, कारण कप्प्यातला फेसाचा ब्रश माझ्याआधी कुणीतरी चाकांवर फिरवलेला असतो. मी तो वापरत नाही, फक्त फवारा मारतो आणि पुसणे, मेण लावणे घरी आणून करतो. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तेव्हा रत्नागिरीकरांचा पाइप कमानीत घालण्याचा सल्ला इथेही तंतोतंत लागू पडतो.

नागपूर

बोअरचे पाणी जड असेल तर धुतलेली गाडी आपोआप वाळू देऊ नये. मी मे महिन्यात सकाळी नऊ वाजता गाडी धुतली, फोन आला म्हणून आत गेलो, आणि परत आलो तेव्हा सगळ्या पत्र्यावर पांढरे ठिपके होते. पाणी उडाले आणि क्षार राहिले. पांढरा व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून कापडाने टेकवला, मिनिटभराने धुतला, तेव्हा बहुतेक ठिपके गेले. काचेवरचे जुने तेवढे राहिले. आता साडेपाचला उठतो, एक दार धुतो, पुसतो, मग दुसरे धुतो. पहिल्या जोरदार पावसात छताचे पाणी दोन पिंपांत भरून ठेवतो आणि शेवटचा हात त्याच पाण्याचा देतो. ते पाणी वाळले तरी डाग पडत नाही, पण पिंपे ऑगस्टनंतर फार दिवस पुरत नाहीत.