लेटरवर 'फ्लेक्झिबल अवर्स' लिहिलंय म्हणून ओव्हरटाईम देईनात, काय करावं?

राम राम मंडळी. वाळूजला एका गोडाऊनमधे पॅकिंगला आहे, कॉन्ट्रॅक्टरच्या थ्रू. लेटरवर कामाचे तास फ्लेक्झिबल, पगार तासावर. घेतलं त्यासाठीच, सोयाबीन काढणीला गावाकडं जाता येईल म्हणून. पण व्हायलंय असं की रात्री १० ला ग्रुपवर मेसेज पडतो, उद्या ६ ला या, इथल्या रांजणगावहून गेटवर जावं तर सुपरवायझर म्हणतो मालाची गाडीच आली नाही, ११ ला या. आणि दिवाळीच्या आधी रोज ११-१२ तास, रेट तोच. ओव्हरटाईम म्हणलं की लेटर दाखवतेत, सही केलीस ना. खरंच मागता येत नाही का?

गंगापूरकर: भौ, सही घेतली म्हणून कायदा गुंडाळून ठेवता येत नसतो. आठवड्याला ४८ तासाच्या वर गेलं की डबल रेट, कारखाना असो का दुकान. दिवसाची पण लिमिट असती, पण हे लोक चार तासाचा एखादा दिवस मधे घुसडून आठवड्याची बेरीज ४८ च्या आत दाखवतेत आणि मोकळे. म्हणून येण्याजाण्याचा टाईम रोज वहीत लिही, ग्रुपवरचे मेसेज डिलीट करू नको. गेटवरून परत पाठवलेल्याचे पैसे मात्र अवघडच, किमान तास लेटरवर लिहून घेतलेले असले तर बोलायला जोर येतो.

लातूरची ताई: ओव्हरटाईमचं सगळे बोलतात, ईएसआयसीचं (सरकारी कामगार विमा) कुणी बघत नाही. आजारपणाच्या रजेचा पगार पाहिजे तर सहा महिन्यात ७८ दिवस भरावे लागतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असं धरतात. हे मंदीत बोलवतच नाहीत, दिवस भरणार कसे? आमच्या शेजारच्या पोराला कावीळ झाली, दवाखाना झाला पण पगाराला दिवस कमी पडले. पगाराच्या स्लिपवर दिवस किती पडलेत ते दर महिन्याला बघत जा.

शेंद्रा शिफ्टवाला: मी शिफ्ट लावायचंच काम करतो, शिव्या नका घालू 😄 गाडी रात्री कुठं अडकली ते आम्हाला पण पहाटंच कळतं. तरी सांगतो, कॉन्ट्रॅक्टरनं पगार बुडवला तर मेन कंपनीला द्यावा लागतो, त्यामुळं अर्ज दोघांच्या नावानं कर आणि पोच घे, तोंडी सांगून काही होत नाही. नाहीच ऐकलं तर कामगार उपायुक्त ऑफिसला जा, पण एकटा नको, लाईनवरचे चार-पाच जण मिळून जा, एकट्याला दुसऱ्या दिवसापासून मेसेजच येत नाही.

प्रश्नकर्ता: तेच तर भ्या आहे, काढत नाहीत पण बोलवतच नाहीत. दोघं तयार आहेत, बाकीचे दिवाळीचा हिशोब हातात पडल्यावर बघू म्हणायलेत.