मोठा आकडा आणि खात्रीचा आकडा

कुणीतरी विचारलंय की अमेरिकी कॉलेज खेळांतल्या कॉन्फरन्सने (म्हणजे एकत्र खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाने) सामने दाखवण्याच्या हक्कांसाठी सरळ जास्त पैसे देणाऱ्याशी करार का करू नये. अहो, आकड्यातला खात्रीचा भाग किती, तेही बघावं लागतं ना! पॅक-१२ या कॉन्फरन्सचंच घ्या. २०२२ मध्ये तिच्यातल्या यूएससी आणि यूसीएलए या विद्यापीठांनी बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्सची वाट धरली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बिग १२ या आणखी एका कॉन्फरन्सने फार ताणून न धरता ईएसपीएन आणि फॉक्स या टीव्ही कंपन्यांशी करार वाढवून घेतला, प्रत्येक विद्यापीठाला वर्षाला सरासरी ३ कोटींहून जास्त डॉलर. पॅक-१२ मात्र चढ्या भावाची वाट बघत बसली. पुढच्या उन्हाळ्यात हाती आला ॲपलचा प्रस्ताव: बातम्यांनुसार खात्रीची रक्कम बिग १२ पेक्षा कमी, बाकी किती लोक वर्गणी भरतील त्यावर. शिवाय सामने ॲपवर. शनिवारी चॅनेल बदलता बदलता सहज दिसणारा संघ आणि पैसे भरून शोधावा लागणारा संघ, यात नवे खेळाडू मिळवताना फार फरक पडतो.

४ ऑगस्ट २०२३ ला एका दिवसात पाच विद्यापीठं पॅक-१२ मधून बाहेर पडली. त्यातली ओरेगन आणि वॉशिंग्टन तर बिग टेनमध्ये पूर्ण वाट्यापेक्षा बऱ्याच कमी रकमेवर गेली, आणि तीही खुशीने!