बांबेर्गची धुरकट बिअर आणि सोबतचे जेवण

प्रश्न: आम्ही न्यूरेंबर्गला राहतो. पुण्याहून येणाऱ्या माझ्या शाकाहारी भावाला एक दिवस बांबेर्गला नेऊन तिथेच तयार होणारी बिअर आणि स्थानिक जेवण यांची ओळख करून द्यायची आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर १: श्लेंकर्ला या बिअर बनवणाऱ्या जुन्या खानावळीपासूनच करावी. तेथे बार्लीचे माल्ट (मोड आणलेली बार्ली) बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या आगीवर वाळवले जाते, म्हणून लाकडी पिंपातून थेट पेल्यात येणाऱ्या त्या काळसर बिअरला चुलीत भाजलेल्या वांग्याची आठवण करून देणारा धुराचा वास असतो. पहिल्या घोटावरून कृपया मत बनवू नका. अर्धा पेला संपेपर्यंत जीभ त्या धुराला सरावते आणि मगच माल्टचा गोडवा कळू लागतो.

उत्तर २: धूर जड वाटल्यास १५३६ पासून चालत आलेल्या श्पेत्सिआल या दुसऱ्या बिअर-खानावळीत जावे, कारण तेथील धुराची चव बरीच सौम्य आहे. उन्हाळा असेल तर संध्याकाळ टेकडीवरील ‘केलर’मध्ये, म्हणजे बिअरच्या तळघरांवरील बागेत, घालवावी. ही तळघरे थंड राहावीत म्हणून त्यांच्यावर चेस्टनटची झाडे लावली गेली आणि त्याच सावलीत आज बाके मांडलेली असतात.

उत्तर ३: कांद्यात खिमा भरून बिअरच्या रस्सात वाढलेला पदार्थ ही बांबेर्गची खासियत असली, तरी त्यात डुकराचे मांस असते. भावासाठी ‘गेरुप्फ्टर’ मागवा: कॅमेंबेर चीज, लोणी, कांदा आणि पाप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड) कालवलेला हा प्रकार ब्रेडसोबत खातात. गाडी मात्र घरीच ठेवून रेल्वेने जा.