पाण्याचा शौकीन गोंगफू: पुराणातला की पाथरवटांचा?

चिकित्सक: चिनी ड्रॅगनला नऊ पोरं. त्यातलं एक पाण्यावर जीव असलेलं, नाव गोंगफू (कुंगफूशी काही देणंघेणं नाही). पुलावर बसून पाण्याकडे टक लावतं. 'हजारो वर्षांची दंतकथा' म्हणून हे सगळीकडे फिरतंय. मला पटत नाही. मिंग बादशहा होंगचीने नऊ नावं विचारली, तेव्हा त्याचे दरबारी विद्वान ली दोंगयांग (१४४७-१५१६) यांनी इकडून तिकडून गोळा करून आकडा भरला. त्यांच्या यादीत हा पाणवेडा नाहीच! तो येतो नंतरचे विद्वान यांग शेन (१४८८-१५५९) यांच्या यादीत, तोही एका वाक्यात: पाणी आवडतं, म्हणून पुलाच्या खांबावर. शिल्पं आधीपासून होती, बाप मागाहून शोधला.

नदीकाठ: यादी उशिराची, मान्य. श्रद्धा कशी उशिराची? बीजिंगचा वाननिंग पूल १२८५ चा, त्याच्या काठावर पाण्यात वाकून पाहणारी दगडी जनावरं आहेतच की.

चिकित्सक: पूल १२८५ चा. जनावरं सगळी तेव्हाची नाहीत, काही नंतरच्या मिंग काळातली मानतात.

भटकी: मग बीजिंगच्या निषिद्ध नगरीत, म्हणजे बादशाही राजवाड्यात, तीन मोठ्या महालांच्या चौथऱ्यांवर हजारांहून जास्त तोंडं आहेत, पावसात त्यांतून धारा लागतात. तेही गोंगफूच ना?

चिकित्सक: नाही. ती 'ची' नावाच्या बिनशिंगी ड्रॅगनची. गाईड मंडळी सरसकट गोंगफू म्हणून मोकळी होतात. आपल्याकडे देवळाच्या पन्हाळीला मकरमुख असतं ना, तसलं काम.

नदीकाठ: तुम्ही नावावर अडलात. दोंग चोंगशू हे चिनी पंडित इ.स.पू. दुसऱ्या शतकातले. त्यांच्या नावावरच्या ग्रंथात पावसासाठी मातीचे ड्रॅगन करायचा विधी आहे. ड्रॅगन आणि पाणी ही जोडी तेव्हापासूनची. पुढे तर पाऊस लांबला की गावकरी पाऊस देणाऱ्या ड्रॅगनराजाची मूर्तीच उन्हात आणून ठेवत, बघ म्हणे कसं भाजतं ते. आपण देव पाण्यात घालतो, ते उन्हात. हे पाथरवटांनी शोधलं का?

चिकित्सक: ड्रॅगनराजा वेगळा हो! त्याच्यात बौद्धांबरोबर भारतातून गेलेला नागराज मिसळलाय. त्याच्या देवळात धूप जळतो. गोंगफूला कुणी एक उदबत्ती तरी लावली का?

नदीकाठ: उदबत्ती नसेल. पण पुलाला पूर लागू नये म्हणूनच त्याला तिथे बसवतात. नुसत्या शोभेच्या दगडाला हे काम कोण सांगेल?