शब्दचर्चा: 'शिकलेला' म्हणजे काय शिकलेला?

एक शंका आहे, जाणकारांनी सांगावं. शाळेत आपण 'सुशिक्षित'चा विरुद्धार्थी शब्द 'अशिक्षित' असा पाठ केला, पण बोलताना बरेच जण सरळ 'अडाणी' म्हणतात आणि छापताना मधेच 'निरक्षर' येतो, तर हे तिन्ही एकच का? परवा एका गवंडीकाम करणाऱ्या माणसाबद्दल लिहिताना मी 'अशिक्षित पण हुशार' असं लिहून गेले आणि ते 'पण' मलाच खटकायला लागलं. ज्याची शाळा झाली नाही पण काम एक नंबर येतं त्याला मराठीत नीट शब्द कोणता? अनुभवी म्हटलं की वय झालेला माणूस डोळ्यासमोर येतो, कुशल म्हटलं की सरकारी कागद, आणि सराईत म्हटलं तर पुढे गुन्हेगारच येतो.

*

ताई, ते 'पण' तुम्हाला खटकलं हे फार बरं झालं, कारण सगळी गडबड त्याच्यातच आहे.

आधी तीन शब्द. निरक्षर म्हणजे अक्षर ओळखता येत नाही, बास, त्यात माणसाच्या डोक्याबद्दल काहीही म्हटलेलं नाही. अशिक्षित म्हणजे शाळा-कॉलेजात जाऊन शिक्षण झालेलं नाही, त्याला लिहिता-वाचता येत असेलही. आणि अडाणी हा समजुतीबद्दलचा शब्द आहे, ज्याला कळत नाही तो अडाणी. म्हणून तर 'एवढा शिकला आणि अडाणीच राहिला' हे वाक्य आपण बिनदिक्कत बोलतो आणि ऐकणाऱ्याला कळतंही, पण 'एवढा शिकला आणि निरक्षरच राहिला' असं कोणी म्हणणार नाही. याचा अर्थ भाषेला हा फरक पक्का माहितीये, आपणच घाईत तिन्ही एका पोत्यात घालतो.

आता मुख्य शब्द 'शिकलेला'. शिकणे हे सकर्मक क्रियापद आहे, म्हणजे काय शिकला हे यायला पाहिजे. सुतारकाम शिकला, पोहायला शिकला, जर्मन शिकला. पण 'शिकलेला माणूस' म्हटलं की कर्म गायब होतं आणि सगळे गृहीत धरतात की शाळा-कॉलेज शिकलेला. बरं, प्रश्न कसा विचारतो आपण? 'किती शिकलाय?' किंवा 'कितवीपर्यंत शिकलाय?' 'काय' नाही विचारत, 'किती' विचारतो, जसं दूध किती घेऊ. आणि दुसऱ्या बाजूलाही तेच चालतं, 'किती वर्षांचा अनुभव?' म्हणजे त्या वर्षांमधे हाताला काय आलं हे नाही विचारलं, वर्षं मोजली. मला तर वाटतं शिक्षण मोठं का अनुभव मोठा हा वाद इतका लांबतो तो यामुळेच, दोन्हीकडे मोजमाप भलत्याच गोष्टीचं चाललेलं असतं.

मुळात जाऊन बघा, 'शिकणे' आलं संस्कृत 'शिक्ष्' पासून आणि हे 'शिक्ष्' म्हणजे 'शक्' धातूचं इच्छार्थक रूप. पा वरून पिपासा म्हणजे प्यायची इच्छा, ज्ञा वरून जिज्ञासा म्हणजे जाणून घ्यायची इच्छा, तसं शक् वरून शिक्ष्, करता यावं अशी इच्छा. म्हणजे शब्द जन्माला आला तोच 'जमलं पाहिजे' या ओढीतून, त्यात ना वर्ग आहे ना सर्टिफिकेट.

आणि आपल्याकडे 'येणे' किती छान वापरतात बघा. 'मला पोहण्याबद्दल माहिती आहे' आणि 'मला पोहता येतं' ही दोन वाक्यं कुठल्याही लहान मुलाला वेगळी कळतात. माहिती असते, आणि काम 'येतं'. गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वचिंतकानं १९४९ साली एका पुस्तकात हाच भेद सविस्तर मांडला, एखादी गोष्ट अशी आहे हे ठाऊक असणं वेगळं आणि ती कशी करायची हे ठाऊक असणं वेगळं, आणि दुसरं हे पहिल्यातूनच निघतं असं मानू नका. आपल्या रोजच्या बोलण्यात तो भेद एका क्रियापदावर उभा आहे.

*

हे सगळं मान्य, पण मग 'पुस्तकी' हा शब्द शिवीसारखा का वापरतात? 'पुस्तकी ज्ञान', 'पुस्तकी किडा', 'पढतमूर्ख'. आमच्या घराण्यात मी पहिली पदवीधर आणि मला हे शब्द इतके ऐकावे लागले की विचारू नका, काही चुकलं की 'शिकून काय उपयोग' ठरलेलं. भाषेनं तर शिकलेल्यांनाही सोडलेलं नाही.

*

तुमचं म्हणणं अगदी खरंय आणि ते लिहिलंत हे बरं झालं. पढतमूर्ख हा शब्द जुना, दासबोधात दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खांची लक्षणं सांगतो आणि दहावा समास खास पढतमूर्खांची. पण तिथे टीका शिकण्यावर नाहीये, शिकूनही वागण्यात न उतरण्यावर आहे. संस्कृतात पण एक सुभाषित आहे, साक्षरा उलटं वाचलं की राक्षसा होतं, आणि सरस उलटं वाचलं तरी सरसच राहतं. ऐकायला गंमत वाटते पण त्यातही रोख अक्षरावर नाही, अक्षर येऊनही रस नसलेल्या माणसावर आहे. तरी हे शब्द शेवटी कोणाच्या तोंडी जातात? जो दुसऱ्याला शिकू देत नाही त्याच्या. पुढे शिकायचंय म्हणणाऱ्या मुलीला 'पुस्तकी ज्ञानानं घर चालत नाही' असं सांगतात तेव्हा तो अनुभवाचा सन्मान नसतो, दार बंद करणं असतं. त्यामुळे 'अडाणी' जितका जपून वापरायचा तितकाच 'पुस्तकी' पण.

माझ्या घरातलं सांगतो म्हणजे नीट कळेल. वडील टर्नर होते, म्हणजे लेथ नावाच्या यंत्रावर धातू फिरवत कापून घडवणारे, आयुष्यभर लेथवर उभे. शाळा चौथीपर्यंत. मी दहा वर्षांचा असताना माझाच एक फॉर्म भरत होतो, त्यात 'वडिलांचे शिक्षण' असा रकाना होता, मी विचारलं काय लिहू तर म्हणाले काही नाही लिही, आणि मी माझ्या अकलेनं 'निरक्षर' लिहिलं. ते रोज ड्रॉइंग वाचायचे, मायक्रोमीटर वाचायचे, मापं डायरीत लिहून ठेवायचे, आणि मी निरक्षर लिहिलं. त्यांनी वाचलं, बोलले काहीच नाहीत. चाळीस वर्षं झाली, तो रकाना अजून डोळ्यासमोर आहे.

ते काय शिकले होते? मशीन चालू असताना पाठ करून उभे असले तरी आवाजावरून सांगायचे की टूलची धार गेलीय. मशीन थांबवून जॉबवर, म्हणजे घडवत असलेल्या तुकड्यावर, अंगठ्याचं नख हलकेच ओढायचे आणि फिनिश कशी आलीय ते कळायचं. पोलाद कापताना निघणारी चिप, म्हणजे धातूचा कीस, निळी पडायला लागली की स्पीड कमी करायचे, कोणी का विचारलं तर म्हणायचे 'तापलं की निळं होतं, टूल जाईल'. पुढे माझा भाचा इंजिनिअरिंगला गेला आणि त्यानं एक दिवस आजोबांना समजावलं की पोलाद तापलं की वर ऑक्साईडचा एकदम पातळ थर येतो, थराची जाडी बदलते तसा रंग बदलतो, आधी पिवळसर, मग जांभळट, आणि निळा येतो तो साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास. आणि हे पण सांगितलं की ॲल्युमिनियमला असे रंग येतच नाहीत, त्यामुळे तिथे निळ्याची वाट बघत बसलात तर रंग काही सांगणार नाही. वडील बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, 'अरे मग हे आधी कोणी सांगायला काय हरकत होती.'

हे वाक्य मला फार लागतं. डोळ्यानं जे हेरलं होतं ते बरोबरच होतं, पण ते त्या एका धातूपुरतं होतं, आणि पुस्तकानं कारण दिलं म्हणून दुसऱ्या धातूकडे जाता आलं. माझ्या मते औपचारिक शिक्षणाचं मोल इथे आहे, जे आपल्या हाताखालून कधी गेलंच नाही त्याबद्दलही ते काहीतरी सांगून ठेवतं. उलट भाच्याला त्या वेळी लेथवर उभं केलं असतं तर ३०० अंश माहीत असूनही टूल गेलंच असतं, कारण त्याचा कान तयार नव्हता. मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाचं उदाहरण बघा, बुकबाइंडरकडे सात वर्षं काढलेला माणूस, गणित जवळजवळ नाही, १८३१ मधे प्रयोग करकरून विद्युतचुंबकीय प्रवर्तन, म्हणजे चुंबक हलवला की तारेत वीज निर्माण होते हे, शोधलं, आणि पुढे मॅक्सवेल या गणिती शास्त्रज्ञानं त्याच्याच कल्पना १८६०च्या दशकात समीकरणात बसवल्या. त्यातला कोण शिकलेला आणि कोण अनुभवी ते सांगा बरं.

*

वरच्या फॉर्मचं वाचून गलबललं. काका, शब्दाचं राहिलंच, शाळा न झालेल्या पण काम येणाऱ्याला काय म्हणायचं?

*

हो हो, तिकडेच येतोय, पण आधी एक मला फार आवडणारी गोष्ट. मास्तर आणि मिस्त्री हे दोन शब्द शेजारी ठेवा. मास्तर इंग्रजी 'मास्टर' वरून आला, मिस्त्री पोर्तुगीज 'मेस्त्रे' वरून, आणि दोन्हीचं मूळ एकच, लॅटिन 'माजिस्तेर', म्हणजे जो त्या कामात वरचढ आहे तो. एक वर्गात जाऊन बसला, दुसरा बांधकामावर उभा राहिला, आणि आपण एकाला सर म्हणतो आणि दुसऱ्याला अरेतुरे करतो. कॉलेजच्या मास्टर्स डिग्रीतला मास्टर पण तोच. आणि शिलाईच्या दुकानात कापड बेतणाऱ्यालाही मास्तरच म्हणतात हे आपल्या भाषेचं शहाणपण. युनिव्हर्सिटीचं लॅटिन मूळ 'उनिव्हर्सितास' म्हणजे संघ, मध्ययुगात ते नाव गुरु-शिष्यांच्या संघालाही होतं आणि कारागिरांच्या संघांनाही. जर्मनीत हे नातं अजून टिकून आहे, तिथे कारागिरीतली 'माइस्टर' ही पात्रता त्यांच्या शिक्षण-पात्रतांच्या राष्ट्रीय चौकटीत बॅचलर पदवीच्याच, म्हणजे सहाव्या, पातळीवर धरतात.

संस्कृतात पण अशी जोडी आहे. स्नातक आणि निष्णात, दोन्ही 'स्ना' म्हणजे आंघोळ करणे यावरून. अध्ययन संपल्यावर विधीचं स्नान केलं तो स्नातक, आणि जो त्या विषयात खोल बुडी मारून आलाय तो निष्णात. पदवीधराला स्नातक म्हणतो, पण निष्णात म्हणताना पदवी कोणी विचारत नाही.

आता शब्द. एकच शब्द शोधू नका. 'कसबी' चांगला आहे, अरबी 'कस्ब' म्हणजे कमाई, मिळवलेलं, त्यावरून, म्हणजे हे स्वतः मिळवलेलं आहे हे त्यात आहे. ज्याच्याकडे हातापेक्षा नजर आहे त्याला 'जाणकार' म्हणा, आणि संगीतात-कुस्तीत म्हणतात तसं 'तयार' म्हणा, तयार गळा, तयार पैलवान, तसा तयार कारागीर. पण सगळ्यात सोपं म्हणजे शिकलेलाच म्हणा आणि कर्म परत आणा, 'गवंडीकाम शिकलेला'. तुमच्या वाक्यातून 'अशिक्षित पण' काढून टाका, 'गवंडीकाम उत्तम शिकलेला, हुशार माणूस' लिहा, काही अडत नाही.

आणि एक शब्द कोणीतरी वाचवायला पाहिजे, 'उमेदवारी'. आता तो निवडणुकीपुरता उरलाय, पण वडिलांच्या पिढीत 'मी दोन वर्षं उमेदवारी केली' म्हणजे कोणाच्यातरी हाताखाली कमी पैशात किंवा फुकट राबून काम शिकलो. फारसी 'उमेद' म्हणजे आशा, तर उमेदवार म्हणजे आशा धरून उभा असलेला. वर ते 'शिक्ष्' म्हणजे करता यावं ही इच्छा म्हटलं ना, त्याच्याशेजारी हा ठेवून बघा. तुमच्या कामधंद्यात अशी उमेदवारी पूर्ण झालेल्या माणसाला काही वेगळा शब्द असेल तर नक्की लिहा, माझ्या वहीत त्या जागी अजून कोरी ओळ आहे.